फुंकरमामांचं पिंप

तर नवरदेव आत, वऱ्हाड बाहेर आणि मोटार रस्त्याच्या मधोमध हटून बसलेली, इथवर गोष्ट आली होती. ढकलून झालं, हँडल मारून झालं. हँडल म्हणजे मोटारीच्या नाकातून आत खुपसून गरागरा फिरवायचा तो वाकडा लोखंडी दांडा. इंजिनाने उलटा झटका दिला की बेसावध माणसाचं मनगट उतरलंच म्हणून समजा. नवरदेवाच्या काकांचं उतरता उतरता वाचलं. मग कुणीतरी पळत जाऊन गॅरेजवाल्या मामांना गाठलं. मामा जेवत होते. हात धुतले, नटबोल्ट खोलायचे दोन पाने खिशात टाकले आणि निघाले, ना घाई ना गडबड. बॉनेट उचललं, कार्बोरेटर उघडला, त्यातला गव्हाच्या दाण्याएवढा, बारीक भोकाचा पितळी जेट काढला आणि एक डोळा मिटून उजेडाकडे धरला. मग तो ओठांत धरून एक फुंकर मारली. बस. जेट जागेवर, बॉनेट खाली, आणि मोटार अशी सुरू झाली की जणू एवढा वेळ ती नवरदेवावरच रुसली होती.

काका मनगट चोळत म्हणाले, "मामा, फुंकरीवर मोटार चालते तर आम्ही पेट्रोल कशाला भरतो?"

"पेट्रोल मोटारीला लागतं. फुंकर तुमच्या समाधानाला," मामा म्हणाले आणि राहिलेलं जेवण पुरं करायला घरी गेले.

तेव्हापासून त्यांचं नाव फुंकरमामा पडलं. खरं नाव सरकारदरबारी असेल तेवढंच. त्याच फुंकरमामांना आता म्हातारपणी त्यांची एकुलती एक लेक दर रविवारी येऊन एकच गोष्ट सांगत होती, "बाबा, गॅरेजला कुलूप लावा आणि माझ्याकडे चला." आणि मामा दर रविवारी एकच उत्तर देत होते, "गॅरेज सोडून कसा येऊ?" मामी जाऊन वर्ष उलटलं होतं. गॅरेजमध्ये गिऱ्हाईक येणं त्याच्याही आधी थांबलं होतं. तरी मामा रोज सकाळी उठून शटर अर्धं वर करायचे, वाकून आत शिरायचे, शटर पुन्हा खाली ओढायचे आणि दुपारपर्यंत आतच बसायचे. लेकीला वाटायचं, बाबा जुन्या सामानात जीव अडकवून बसलेत.

तसं बघितलं तर जीव अडकावा असंच ते सामान होतं. घराच्या पुढच्या अंगाला पत्र्याची शेड, मधोमध माणूस उभा राहील एवढा खड्डा, त्यावर तेल पिऊन काळ्या पडलेल्या फळ्या. भिंतीला खिळे ठोकून पाने टांगलेले, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, शाळेच्या फोटोत पोरं उभी करतात तसे. दुधाच्या पावडरीच्या डब्यांत नटबोल्ट. रॉकेलने भरलेला ट्रे, त्यात सुटे भाग न्हायला घातलेले. ग्रीसगन, स्क्रूचा जॅक, ट्यूबला ठिगळ लावायचा शिकंजा. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधली फट मोजायच्या पात्या होत्या, पण मामा पोस्टकार्डाचा तुकडा घालून बघायचे. "पातीला अक्षर कळत नाही, कार्डाला कळतं," असं काहीतरी बोलायचे, ज्याचा अर्थ कुणी विचारला नाही.

तेव्हा मोटार सांभाळणं म्हणजे म्हैस सांभाळण्यासारखं होतं. रोज पाणी बघा, तेल बघा, अंग पुसा, थंडीत लवकर उठून चोक ओढून मनधरणी करा. रविवारी मालकमंडळी आपापली मोटार घेऊन यायची आणि शेडच्या बाहेरच्या बाकड्यावर बसायची. एकाच्या मोटारीतून टकटक यायची, दुसऱ्याच्या मोटारीला चढावर धाप लागायची. डॉक्टरांच्या दवाखान्यात बसतात तशी ती बसायची, आणि तिथल्यासारखीच दुसऱ्याचा आजार आपल्यापेक्षा मोठा निघाला की खूश व्हायची. मामा लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावायचे. डोळे मिटून ऐकायचे. मामा डोळे उघडून म्हणायचे, "काही नाही, कुरकुरायची सवय लागलीय. घरात कोण कुरकुरतं?"

आणि ब्रेक. चाक उतरवायचं, मागचा ड्रम हातोडीने हलके ठोकून सैल करायचा, ओढून काढायचा. आतल्या ब्रेकच्या लायनरचा, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या पट्ट्यांचा, भुगा ड्रममध्ये साचलेला असायचा. करडा, मऊ, बोटाला लावला तर तोंडाला लावायच्या पावडरीसारखा. तो काढायला मामांकडे एकच अवजार होतं. ड्रम तोंडापाशी न्यायचा आणि फू. भुग्याचा ढग उठायचा, उन्हाच्या तिरिपेत तरंगायचा आणि सावकाश मामांच्या खांद्यावर, बाहीवर, केसांत बसायचा. देखणा दिसायचा, खोटं कशाला बोला.

संध्याकाळी मामा मागच्या दाराने घरी यायचे. मामी उंबऱ्यातच उभ्या. "आधी शर्ट काढा. त्या रूपात आत यायचं नाही." आधी आधी मामा स्वतःच शर्ट झटकायचे. मामींना ते पसंत नव्हतं. "ही काय झटकायची रीत झाली? पाहुण्याला टाटा केल्यासारखं करता." मग तो शर्ट त्या हिसकावून घ्यायच्या, अंगणातल्या भिंतीवर सटासट आपटायच्या, पँट उलटी करून खिसे झाडायच्या. लेकीचे कपडे त्यात मिसळू द्यायच्या नाहीत. लेकीलाच काय, मोलकरणीलाही त्या कपड्यांना हात लावू द्यायच्या नाहीत. "नवऱ्याचा मळ मीच काढणार," म्हणायच्या. झटकून आत यायच्या तेव्हा त्यांच्या भुवया करड्या झालेल्या असायच्या.

"म्हातारी दिसतेस," मामा हसून म्हणायचे.

"बघून ठेवा. पुढे अशीच दिसणार आहे."

पण भुवया खऱ्याखुऱ्या पांढऱ्या व्हायच्या आत मामींना खोकला लागला. आधी वाटलं हवा बदलली. मग वाटलं दमा. मग छातीत पाणी झालं, आणि एका मोठ्या दवाखान्यात, फोटो उजेडाला धरून, एका शांत डॉक्टरांनी विचारलं, "घरात ब्रेकचं काम कोण करतं?"

"मी," मामा म्हणाले.

"आणि कपडे कोण धुतं?"

"मी," मामी म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हते." अशा अभिमानाने म्हणाल्या की डॉक्टरांना पुढचं बोलणं जड गेलं. पण बोलले. त्या जुन्या लायनरमध्ये दगडाचे तंतू असायचे, ॲस्बेस्टॉसचे, डोळ्यांना न दिसणारे. श्वासाबरोबर आत जातात, रुतून बसतात, आणि माणूस विसरून गेल्यावर आपलं काम सुरू करतात. तेव्हा हे मिस्त्रीलोकांना कुणी सांगितलं नव्हतं.

मामांनी स्वतःचे हात उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाले, "फुंकर मी मारत होतो. मग मला का नाही झालं?"

"कुणाला होतं, कुणाला होत नाही," डॉक्टर म्हणाले.

परत येताना रिक्षात मामींनीच आधी तोंड उघडलं. "तुमचं लक्ष मोटारीत आणि मोटारीचं लक्ष माझ्यात. सवतीने डाव साधला म्हणायचा."

मामा हसले नाहीत.

"हसा की," मामी म्हणाल्या. "तुम्ही हसला नाहीत तर मला वाटेल, खरंच काहीतरी झालंय."

मामा हसले. त्यानंतर मामी जाईपर्यंत रोज एकदा तरी हसत राहिले. ते सगळ्यांत अवघड काम त्यांनी कसं निभावलं हे त्यांचं त्यांना ठाऊक.

तर अशी ती पार्श्वभूमी. लेकीने शेवटी एक शक्कल काढली. सामान भंगारात जाणार म्हणून बाबा हलत नसतील, तर ते प्रेमाने सांभाळणारा माणूस शोधायचा. तिच्या ओळखीचा एकजण कॉफीचं दुकान काढत होता आणि त्याला भिंतींवर जुन्या गॅरेजचं सामान मांडायचं होतं. गोल चष्मा, पायात कापडी बूट, दर वस्तूला "वा, वा" म्हणणारा. एका रविवारी लेक त्याला टेम्पोसकट घेऊन आली. मनातून धास्तावली होती. बाबा हाकलून देतील किंवा ढसाढसा रडतील, दोन्हीची तिने तयारी ठेवली होती.

झालं भलतंच. मामांनी शटर पार वरपर्यंत उचललं आणि म्हणाले, "या. काय काय हवं ते बघा."

आणि एकेक वस्तू भिंतीवरून उतरू लागली तसे मामा खुलू लागले. हँडल निघालं, तशी नवरदेवाची गोष्ट निघाली. "हे टांगा, पण खाली कुणाला बसवू नका, याला माणसाचं मनगट आवडतं." जॅक निघाला, तशी एका पुढाऱ्याची मोटार जॅकवर चढवून मामा जेवायला गेले होते आणि पुढारी आतच झोपले होते, ती गोष्ट निघाली. कॉफीवाला पोट धरून हसला. लेकीने दाराला टेकून बाबांकडे बघितलं. एवढं बोलताना तिने त्यांना आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं. तिला कळेना. जर एवढ्या सहज सगळं देऊन टाकतात, तर मग रोज इथे येऊन बसतात कशासाठी?

तेवढ्यात कॉफीवाला मागच्या कोपऱ्यात गेला. तिथे एक लोखंडी पिंप होतं, वर फळी, फळीवर ओलं गोणपाट. शेजारी बादली आणि तांब्या. "मामा, या पिंपात काय खजिना?" म्हणून त्याने गोणपाट उचललं.

"हात काढ."

आवाज मोठा नव्हता. पण कॉफीवाल्याचा हात जिथल्या तिथे थांबला. मामा खड्ड्याच्या फळ्यांवरून चालत आले, गोणपाट त्याच्या हातातून घेतलं, बादलीत बुडवलं आणि पुन्हा नीट पांघरलं.

"बाळा, रागावू नको. हात धुऊन ये, साबणाने. आणि कपडे झटकू नको."

लेक पुढे आली. "बाबा, काय आहे त्यात?"

"लायनर," मामा म्हणाले. "जुने, खालच्या लोखंडासकट उतरवलेले. टाकायचे टाकायचे म्हणून साठत गेलेले. डॉक्टरांनी सांगितलं त्या संध्याकाळी सगळे गोळा केले आणि पाण्यात बुडवले. ओलं असलं की उडत नाही."

"आणि तुम्ही रोज..."

"पाणी आटतं ना. उन्हाळ्यात तर तांब्यातांब्याने घालावं लागतं. गोणपाट सुकतं. मी तुझ्याकडे आलो तर पाणी कोण घालणार?"

लेक तिथेच जॅकच्या खोक्यावर बसली. वर्षभर ती समजत होती, बाबा आठवणी कुरवाळत बसलेत. आणि बाबा इथे पहारा देत होते.

"बाबा, ते टाकून नाही का देता येत?"

"कुठे टाकू? कचऱ्यात टाकलं तर गाडीवाला उचलणार, दाबून भुगा करणार. संध्याकाळी घरी जाणार तो. त्याचा शर्ट कोण झटकेल?" मामा थांबले. "पुरलं तर कधीतरी कुणीतरी खणेल. भंगारवाल्याला दिलं तर तो लोखंडासाठी लायनर ठोकून काढील. माझा सगळा विचार करून झालाय. बसायला वेळ भरपूर होता."

कॉफीवाला हात धुऊन आला होता आणि ओल्या हातांनीच उभा होता. तोच चाचरत म्हणाला, "मामा, माझ्या दुकानात गवंडी काम करतायत. पिंपात सिमेंट ओतलं तर? आतल्या आत सगळं दगड होऊन जाईल. मग उडणार कसं?"

मामांनी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मग पिंपाकडे. "ओलं असतानाच ओतायचं?"

"ओलं असतानाच. वर झाकण जोडून, आत काय आहे ते रंगाने लिहून ठेवू. मग नेणाऱ्याला माहीत असेल."

"माझ्या कधी डोक्यात आलं नाही," मामा म्हणाले. आणि एवढं बोलून बादलीच्या कडेवर हात ठेवून जरा वेळ वाकूनच राहिले, जसा माणूस जड वस्तू खाली ठेवल्यावर राहतो.

गवंडी आला. तोंडाला ओलं फडकं बांधूनच कामाला लागायचं, असं मामांनी त्याला बजावलं आणि तो बांधेपर्यंत समोरून हलले नाहीत. सिमेंट कालवून सावकाश ओतलं. पाणी कडेने वर आलं, बुडबुडे आले, मग थांबले. मामा पूर्ण वेळ पिंपाजवळ उभे होते. सिमेंट आळून पिंप टणक झाल्यावर, असला घातक कचरा नेणं हे ज्यांचं कामच आहे ती माणसं येऊन ते घेऊन गेली. कॉफीवाल्याचा टेम्पो उरलंसुरलं सामान भरून गेला. भिंतींवर पान्यांचे फक्त ठसे राहिले, धूर आणि तेल बसून उमटलेले, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत.

लेकीने झाडू उचलला, मग काहीतरी आठवून खाली ठेवला आणि ओल्या फडक्याने सगळी फरशी पुसून काढली. काम झालं, हात धुतले, आणि ती मामांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"बाबा, आता तरी चला. टॅक्सी बोलावू?"

मामांनी रिकाम्या शेडभर नजर फिरवली. म्हणाले, "येतो की. पण तुझी आई एवढ्या वर्षांत कधी इथे आत येऊन बसली नाही, बसायला जागाच नसायची. आज झालीय. मी घटकाभर तिच्यासोबत बसतो, मग कुलूप तू लाव."