देव्हाऱ्यातली किल्ली

ती घटना आठवली की आजही तोंड कडू होते. नोकरीत मी खून पाहिले, पोटच्या पोरांनी आईबापांना मारलेले पाहिले. ती प्रकरणे कागदावर बंद झाली आणि मनातूनही गेली. हे प्रकरण एका पक्ष्याच्या मृत्यूचे होते आणि ते मात्र अजून जात नाही.

आधी माझ्याविषयी थोडे सांगतो. मी मूळचा सांगलीचा. वडिलांना स्टुटगार्टजवळच्या कारखान्यात नोकरी मिळाली आणि शाळकरी वयात मी जर्मनीत आलो. इथेच शिकलो, इथले नागरिकत्व घेतले, पोलिसात भरती झालो आणि गुन्हे अन्वेषण विभागातून निवृत्त झालो. आईने घरात मराठी सुटू दिली नाही, म्हणून हे लिहू शकतो. आमच्या ठाण्यात भारतीय चेहरा माझा एकट्याचा होता. त्यामुळे ज्या कागदावर भारतीय नाव असेल तो कागद फिरत फिरत माझ्याच टेबलावर यायचा.

हायडेलबर्गजवळच्या वाल्डॉर्फपासून गाडीने थोड्याच अंतरावर एक गाव आहे. गावाच्या कडेला कुरण, आणि कुरणात एका उंच खांबावर करकोच्यांचे घरटे. दर वसंतात जोडी येते, शाळेची मुले ती बघायला जातात. त्या वर्षी मादी अंड्यांवर बसलेली असताना एका सकाळी तिची मान घरट्याच्या काठावरून खाली लोंबताना दिसली. अग्निशमन दलाने शिडी लावून तिला खाली आणले. पशुवैद्याने एक्स-रे काढला, तर छातीत वाटाण्याएवढी शिशाची गोळी. संरक्षित पक्षी मारणे हा गुन्हा, आणि उघड्यावर बंदूक चालवणे हा दुसरा. खांबाखाली लोकांनी फुले ठेवली, मेणबत्त्या लावल्या. त्याच गावात एक म्हातारी आपल्या खोलीत मरून पडली होती आणि वास सुटेपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. तिच्या दाराशी मी एकही मेणबत्ती पाहिली नव्हती.

गोळी पॉइंट टू-टूची होती. इथे त्या रायफलला क्लाइनकालिबर म्हणतात. छोटे काडतूस, आवाज बेताचा, खांद्याला धक्का जवळजवळ नाही. जर्मनीत गावोगावी नेमबाजांचे क्लब आहेत आणि बहुतेकांची सुरुवात याच रायफलीने होते. पुढे लोक मोठ्या बंदुका घेतात, पण ही कोणी विकत नाही.

दोन-तीन दिवसांत खबर आली. गावच्या क्लबातला सर्वांत जुना सदस्य स्वतः ठाण्यात आला. सत्तरी ओलांडलेला विधुर, कारखान्यातून निवृत्त झालेला. अर्ध्या गावाला त्याने नेम धरायला शिकवले होते. टोपी हातात घेऊन तो बराच वेळ क्लबातल्या एका भारतीय सदस्याचे कौतुक करत राहिला. किती मेहनती, किती शांत, शनिवार चुकवत नाही. मग म्हणाला की मी डोळ्यांनी काही पाहिलेले नाही, पण जिवंत लक्ष्यावर गोळी झाडताना कसे वाटत असेल, असे तो मध्यंतरी विचारत होता. हे सांगताना त्याचे डोळे भरून आले. माझा अनुभव असा की चुगली करणारा नेहमी स्तुतीने सुरुवात करतो. पण खरा साक्षीदारही कधी कधी तसेच करतो, आणि खबर आली की तपास करावाच लागतो.

तो भारतीय पुण्याचा निघाला. वाल्डॉर्फच्या सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनियर, वय चाळिशीच्या आसपास, बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. गावात छोटे घर घेतलेले. कोर्टाकडून झडतीचा आदेश घेऊन आम्ही गेलो. मी, माझा एक सहकारी आणि जिल्हा कार्यालयाच्या शस्त्रविभागातल्या बाई.

नवरा ऑफिसात होता. दार बायकोने उघडले. माझे आडनाव ऐकून तिने विचारले, "तुम्ही मराठी?" मी हो म्हणालो, आणि तिच्या चेहऱ्यावरची भीती एकदम कमी झाली. तिने मला काका म्हणायला सुरुवात केली. मुलगी जिन्यात उभी राहून सगळे ऐकत होती. ती जर्मनमध्ये म्हणाली की ओपांना विचारा, बाबा कसे आहेत ते त्यांना माहीत आहे. ओपा म्हणजे आजोबा. हे ओपा म्हणजे ठाण्यात आलेला तो म्हाताराच. रविवारी तो त्यांच्याकडे जेवायला यायचा. हे मला तेव्हा कळले.

तळघरात शस्त्रांचे पोलादी कपाट होते, नियमाप्रमाणे भिंतीला बोल्टने पक्के केलेले. मी त्याच्या बायकोला म्हणालो की नवऱ्याला फोन करा, तो येईपर्यंत आम्ही थांबतो. ती म्हणाली, "कशाला काका, किल्ली घरातच आहे की." आणि मी काही बोलायच्या आत ती वर गेली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीवर छोटा देव्हारा होता. त्यातला कुंकवाचा करंडा उचलून त्याखालची किल्ली तिने काढली आणि माझ्या हातात दिली. घरातली सर्वांत सुरक्षित जागा तीच, मुलगी तिथे हात लावत नाही, असेही तिने शस्त्रविभागाच्या बाईंना समजावून सांगितले. जर्मनमध्ये, नीट, हसून. बाईंनी ते लिहून घेतले.

वाचकांना सांगायला हवे की इथला नियम काय आहे. परवाना ज्याच्या नावावर त्याच्याशिवाय कोणाचाही हात शस्त्रापर्यंत पोहोचता कामा नये, बायकोचासुद्धा नाही. किल्लीही तेवढ्याच मजबूत कपाटात हवी. नवऱ्याच्या निर्दोषपणाचा पुरावा म्हणून तिने जी किल्ली आणून दिली, तीच त्याच्याविरुद्धचा पुरावा झाली.

रायफल प्रयोगशाळेत गेली आणि इंजिनियर चौकशीला आला. जबाब जर्मनमध्येच घ्यावा लागतो, कारण चौकशी करणारा अधिकारी दुभाषा होऊ शकत नाही. त्याची जर्मन चांगली होती. त्या दिवशी तू कुठे होतास, याचे उत्तर त्याने सरळ दिले. घरी होता, घरच्यांखेरीज साक्षीदार नाही. जिवंत लक्ष्याबद्दल कधी विचारलेस का, यावर त्याला आधी समजेचना. मग तो म्हणाला की असे काही आमच्यात कधीच बोलले गेले नाही, आणि पक्ष्याला मारायचे तर मला कागदावर कशाला नेम धरायचा? मी विचारले की मग या छंदाचे एवढे काय आहे. तो थांबला आणि नकळत मराठीत बोलायला लागला.

"कॉलेजात एनसीसीत होतो. तिथे पहिल्यांदा पॉइंट टू-टू हातात आली, मोजक्या गोळ्या मिळाल्या आणि परत घेतली. तेव्हापासून डोक्यात होतं. ऑफिसात दिवसभर दहा जण दहा बाजूंनी ओढतात, साहेब. क्लबात पन्नास मीटरवर एक काळा ठिपका असतो. तो मला काही विचारत नाही. लागलं तर माझं, चुकलं तर माझं."

मी त्याला पुन्हा जर्मनवर आणले.

चौकशीसाठी मी क्लबातही गेलो. लाकडी खोली, भिंतीवर बक्षिसाच्या रंगवलेल्या लाकडी थाळ्या, जुन्या स्पर्धांचे फोटो. त्यांनी मला एक जुनी रायफल देऊन झाडून बघायला सांगितले. सरकारी पिस्तूल मी वर्षानुवर्षे वागवले, त्याचे प्रेम कधी वाटले नाही. इथे पालथा झोपून गालाशी लाकूड लावले, अर्धा श्वास सोडला, चाप ओढला. फट असा छोटासा आवाज, आणि दूरच्या कागदावर भोक. मी दुसरी गोळी मागितली, मग तिसरी. माणसे यासाठी आयुष्यभर का येत राहतात हे मला तिथे कळले. भोवतीच्या लोकांनी मात्र इंजिनियरला क्लबातून आधीच निलंबित केल्याचे सांगून टाकले. काहीतरी असेलच, म्हणाले.

गावानेही तेच ठरवले होते. शेजाऱ्यांचा नमस्कार बंद झाला. कोणीतरी त्याच्या गाडीवर पांढरी पिसे चिकटवली. मुलगी शाळेतून रडत आली आणि काय झाले ते तिने आईला सांगितले नाही.

मग दोन अहवाल आले. प्रयोगशाळेचे म्हणणे, गोळी इतकी चेपली आहे की ती कोणत्या रायफलीतून सुटली हे सांगता येत नाही, पण तिच्यावर तांब्याचा मुलामा आहे. इंजिनियरकडे सापडलेली सगळी काडतुसे साध्या शिशाची, कागदी लक्ष्यावर वापरायची. पण एवढ्यावर कोणी सुटत नाही. दुसरा अहवाल शवविच्छेदनाचा. घरट्यात बसलेल्या पक्ष्याच्या पाठीतून शिरून गोळी खाली छातीत उतरली होती. म्हणजे झाडणारा घरट्याहून उंच होता.

मी कुरणात खांबाखाली जाऊन उभा राहिलो आणि चारी बाजूंना पाहिले. इंजिनियरचे घर तिथून दिसतच नव्हते. घरट्याच्या वर एकच जागा होती. रस्त्यापलीकडच्या जुन्या घराची माळ्यावरची खिडकी. त्या घरात मी साक्ष नोंदवायला एकदा गेलो होतो. म्हाताऱ्याने मला कॉफी दिली होती. कप अर्धाच भरला होता आणि स्वतःचा दोन्ही हातांनी धरला होता.

त्याच्याकडे परवान्याच्या बऱ्याच रायफली होत्या, आणि तांब्याच्या मुलाम्याची काडतुसेही. चौकशीला आला तेव्हा वकील नको म्हणाला. करकोच्याविषयी मी काहीच विचारले नाही. विचारले ते एवढेच, की हात कधीपासून थरथरतो.

त्याने हात टेबलाखाली घेतले. मग बोलू लागला. तीन हिवाळे झाले, म्हणाला. आधी उभ्याने नेम जाईना, मग झोपून, मग टेकू देऊनही. क्लबात बाकी सगळे समजून घेत होते आणि तेच त्याला सहन होत नव्हते. शेवटच्या स्पर्धेत त्यानेच शिकवलेला भारतीय पहिला आला, आणि म्हाताऱ्याच्या स्वतःच्या कागदावर दोन गोळ्या लागल्याच नाहीत. त्या दिवशी माळ्यावर रायफल साफ करताना खिडकीतून मादी बसलेली दिसली.

"मला फक्त बघायचं होतं," तो म्हणाला, "अजून लागतंय का."

मग काय वाटले, असे मी विचारले.

"आनंद झाला. तेवढा एक क्षण."

इंजिनियरचे नाव का घेतलेस, हे मी शेवटी विचारले. तो तुला बापासारखा मानत होता, त्याची मुलगी तुला आजोबा म्हणत होती. म्हाताऱ्याने वर पाहिले. म्हणाला की रायफली गेल्या तर माझ्याकडे काही उरत नाही. त्याला नोकरी आहे, बायको आहे, मुलगी आहे. आणि मग अगदी साधेपणाने, मला समजावून सांगितल्यासारखे म्हणाला, "त्याच्याबद्दल सांगितलं तर लोक पटकन विश्वास ठेवतील असं वाटलं."

हे तो माझ्या तोंडावर म्हणाला. समोर कोण बसले आहे हे त्याच्या लक्षातही आले नाही. मी वाक्य जसेच्या तसे टंकले, त्याला वाचून दाखवले आणि सही घेतली.

म्हाताऱ्याला दंड झाला, शस्त्रे जप्त झाली. कोर्टात क्लबाचे बरेच सदस्य त्याच्या मागच्या बाकांवर बसले होते. वय झालंय बिचाऱ्याचं, असे बाहेर बोलत होते. इंजिनियरवरचा संशय दूर झाल्याचे पत्र सरकारी वकिलाने पाठवले. त्यानंतर थोड्याच दिवसांत शस्त्रविभागाचे पत्र गेले. किल्लीच्या हलगर्जीपणामुळे परवाना रद्द.

प्रयोगशाळेतून परत आलेली रायफल आमच्याकडेच होती. पुढे काय करायचे ते सांगायला इंजिनियर ठाण्यात आला. परवाना असलेल्या कोणालाही ती विकता येते, असे मी त्याला सांगितले. क्लबात गिऱ्हाईक लगेच मिळाले असते. त्याने विचारले की दुसरा मार्ग कोणता. मी म्हणालो, आमच्याकडे सोडून दे, आम्ही ती तोडून टाकतो. त्याने एकदा हातात घेऊ का म्हणून विचारले, बोल्ट मागे ओढून आत काडतूस नाही याची खात्री केली आणि काउंटरवर आडवी ठेवली.

"तोडा," म्हणाला. "त्यांच्यातल्या कोणाच्या हातात नको."

म्हाताऱ्यावर खोट्या आरोपाची तक्रार करायची का, असेही मी विचारले. त्याने नकारार्थी मान हलवली. मुलगी अजून विचारते, ओपा रविवारी का येत नाहीत, एवढे बोलून तो गेला. पुढे त्यांनी ते घर विकले.

निवृत्तीनंतर एकदा हायडेलबर्गमधल्या एका तुर्की दुकानात त्याची बायको भेटली. कोथिंबिरीच्या जुड्या निवडत होती. तिने मला ओळखले, तब्येत विचारली, नवरा हल्ली शनिवारी घरीच असतो, म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "काका, एक विचारायचं होतं. त्या दिवशी मी 'किल्ली कुठे आहे माहीत नाही' असं म्हणायला हवं होतं का?"

माझे सारे आयुष्य लोकांना खरे बोलायला लावण्यात गेले. धाक दाखवून, गोड बोलून, कधी नुसते गप्प बसून. खऱ्याला कशाची भीती, असे मी किती जणांना सांगितले असेल. खोटे बोलणारे माझ्यासमोर घाम पुसायचे आणि मला स्वतःच्या कामाचा अभिमान वाटायचा. त्या बाईने मात्र मला मराठी माणूस म्हणून दारात घेतले, काका म्हटले, आणि न विचारता खरे सांगितले. त्या सबंध प्रकरणात पहिल्या दिवसापासून खरे बोललेले एकच घर होते, आणि कायद्याने सर्वांत मोठे नुकसान त्याच घराचे केले. नियम चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही. शस्त्राची किल्ली करंड्याखाली ठेवू नये. पण खऱ्याला भीती नाही, हे वाक्य त्यानंतर मी कोणालाही सांगितलेले नाही.

ती उत्तराची वाट बघत उभी होती.

मी म्हणालो, "हो."

तिने मान डोलावली, कोथिंबिरीची जुडी पिशवीत ठेवली आणि पैसे द्यायला रांगेत जाऊन उभी राहिली.