दहावा अर्ज

शुक्रवार पेठेतल्या आमच्या वाचनालयात निवडणूक कधीच झाली नव्हती आणि याचा सगळ्यांना केवढा अभिमान. कार्यकारी मंडळाच्या नऊ जागा, दर पाच वर्षांनी बरोबर नऊ अर्ज. दहावा कुणी भरायला निघालाच, तर त्याला चहा पाजायचा, जुनी ओळख काढायची, त्याच्या थोरल्या भावाला निरोप धाडायचा. मग ‘बिनविरोध’ म्हणून पेढे. सव्वीस वर्षं मीही ते पेढे खाल्ले. चांगले असायचे, खोटं कशाला बोलू.

मी शाळेत मराठी शिकवते. वर्गात मुलींना सांगते, गाईडमधलं लिहू नका, स्वतःचं मत मांडा. आणि वाचनालयाच्या वार्षिक सभेत मात्र मान डोलवून घरी यायचे. ज्या वर्षी डोलवली नाही, त्या वर्षीची ही हकीकत.

आमच्याच पेठेत वाढलेल्या एका बाईंचा कथासंग्रह वाचनालयात आला. गल्लीतली घरं, जिने, बायका, बायकांची भांडणं, सगळं त्यात होतं. चार दिवस त्या पुस्तकासाठी नंबर लागले आणि पाचव्या दिवशी ते फळीवरून नाहीसं झालं. “कपाटात कुलपात हाय,” ग्रंथपालबाई हळूच म्हणाल्या. “गल्लीची बदनामी व्हती म्हणं. वरून सांगितलंय.” वरून म्हणजे अध्यक्षांनी.

वार्षिक सभेत मी उभी राहिले. म्हटलं, पुस्तक फळीवर ठेवा, ज्याला वाचायचं नाही त्यानं नेऊ नये. पुस्तक कपाटातच ठेवण्याचा ठराव आला, तेव्हा हात वर करून म्हटलं, माझा विरोध लिहून घ्या. सचिवांनी मान हलवली. पंधरा दिवसांनी मी इतिवृत्ताची वही मागून पाहिली, तर तिथं ‘सर्वानुमते मंजूर’. सचिवांना विचारलं, तर ते अगदी सरळ मनानं म्हणाले, “मॅडम, इतिवृत्त सभेच्या आदल्या दिवशीच लिवून ठेवतो की. सभेत लई घाई व्हती. दरवर्षी तसंच हाय.”

आपलं काही चुकलंय असं त्या माणसाला खरंच वाटत नव्हतं, आणि मला संताप आला तो त्याचाच. मी सभेला हजर होते, सगळ्यांसमोर बोलले होते आणि वहीत मी सगळ्यांच्या मताची झाले होते. पुढच्याच महिन्यात मंडळाच्या निवडणुकीची सूचना लागली. मी अर्ज भरायचं ठरवलं. निवडून आले तर पुस्तक कपाटाबाहेर काढायचं, नाही आले तर निदान मतदान तरी घडवायचं.

सूचक म्हणून शाळेतल्या एका बाईंनी सही दिली. अनुमोदक मिळेना. एकाची मुलगी लग्नाची होती, एकाचा गाळा अध्यक्षांच्या शेजारी होता. शेवटी मंगळवेढ्याहून येऊन इथं स्थायिक झालेले एसटीचे निवृत्त कंडक्टर पुढं आले. “ते पुस्तक मी वाचलेलं न्हाई बघा,” ते म्हणाले. “वाचीन असंबी न्हाई. पण इतकी वर्षं वर्गणी भरतोय, एकदा शिक्का मारायला मिळू द्या की.” मला तेवढं कारण पुरलं.

अध्यक्ष घरी आले. माझ्या वडिलांचे ते स्नेही, मला लहानपणापासून ओळखणारे. माणूस वाईट नव्हे. कोरोनाच्या दिवसांत त्यांनी म्हाताऱ्या सभासदांना घरपोच पुस्तकं पाठवली होती आणि गळकं छत स्वतः उभं राहून नीट करून घेतलं होतं. ते आमच्याशी नेहमी कानडीतच बोलायचे. “याक बेकव्वा इदेल्ला?” म्हणाले, कशाला हवं बाई हे सगळं. मग मराठीत आले, म्हणजे आता औपचारिक बोलणं सुरू. “तुला मंडळावर यायचंय व्हय? पुढच्या खेपेला घेतो की. पण निवडणूक नको. पेठेत दोन तट पडतील.”

“काका, मला घ्यायला नको,” मी म्हटलं. “लोकांना निवडू द्या.”

ते चहा न घेता गेले. आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं. मला त्याचं वाईट वाटलं आणि माघार घ्यावी असं मात्र वाटलं नाही.

मग व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर एकजुटीचे सुविचार यायला लागले. नाव कुणी घेत नव्हतं, पण पेठेतलं लहान पोरही सांगू शकलं असतं की ते कुणासाठी आहेत. नवी पेठेत माझ्या नवऱ्याचं कापडाचं दुकान आहे. तिथं दोघेतिघे जाऊन बसले. बायकोला समजवा म्हणाले. नवऱ्यानं त्यांना बसायला गादी दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, “अर्ज तिचा हाय, तिलाच इचारा. मी कापड दाखवू शकतो.” हे मला दुकानातल्या नोकरानं सांगितलं. हा स्वतः त्याबद्दल घरी एक अक्षर बोलला नाही. त्या दिवशी मला नवऱ्याचा इतका अभिमान वाटला, की मी कारण नसताना शेंगापोळ्या केल्या.

माघारीची मुदत दुपारी तीनपर्यंत होती. मी माघार घ्यायला येणारच, अशी मंडळाला इतकी खात्री, की दोन वाजताच पेढे वाटून झाले होते. नऊ जणांच्या फोटोंचा अभिनंदनाचा फलकही दारावर चढला होता. मी शाळेत वह्या तपासत बसले होते. फोन वाजत राहिला, मी तपासत राहिले. तीन वाजून गेल्यावर फलक उतरवावा लागला. खाल्लेल्या पेढ्यांचं काय करायचं, हे कुणालाच कळेना.

मतदान झालं. लोक ठेवणीतले कपडे घालून आले होते. कंडक्टरसाहेबांनी मतपत्रिका किती वेळ हातात धरून ठेवली, ते मी पाहिलं. मोजणी झाली आणि मी पडले. दहांत दहावी. तिसऱ्या-चौथ्या नंबराला धक्का देईन असं मनात होतं, ते राहिलं. अध्यक्षांना सगळ्यांत जास्त मतं होती. मी जाऊन त्यांचं अभिनंदन केलं.

घरी आल्यावर नवऱ्याला म्हटलं, “इतकी कमी मतं पडतील असं वाटलं नव्हतं.”

तो हातपाय धुऊन आला होता. टॉवेल खुंटीला लावत म्हणाला, “माझंबी त्यात न्हाई.”

मला वाटलं, गर्दीत मत द्यायचं राहिलं असेल.

“दिलं की. नऊ शिक्के मारले. तुझ्या नावावर न्हाई मारला.”

नऊ शिक्के हातात होते आणि त्यातला एक मला नाही. मी खाली बसले. मग त्यानं कारण सांगितलं. त्या पुस्तकातल्या दुसऱ्या कथेतली लंगडत चालणारी, चोरून गोड खाणारी बाई म्हणजे त्याची आत्या होती. गल्लीत सगळ्यांनी ओळखलं होतं. पोरं तिला कथेतल्या नावानं हाका मारायला लागली, तेव्हापासून ती दारात बसेनाशी झाली होती. मी ती कथा दोनदा वाचली होती, हसलेही होते. आत्या दारात दिसत नाहीत, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

“मग आधी का नाही बोललात?”

“तू उभी राहू नये असं मला वाटत नव्हतं,” तो म्हणाला. “निवडून यावंस असंबी वाटत नव्हतं.”

मी रडले. नवऱ्यानं मत दिलं नाही म्हणून रडले, आणि आत्यांसाठीही.

दुसऱ्या दिवशी आत्यांकडे जाऊन बसले. पुस्तकाचा विषय त्यांनी काढला नाही, मी काढला. त्या म्हणाल्या, “मला वाचता येत न्हाई. काय लिवलंय ते कुणीतरी पुरतं सांगा तरी.” मी पूर्ण कथा सांगितली, हसण्याच्या जागांसकट. त्यांनी ऐकून घेतली. “समदं खरं न्हाई,” एवढंच म्हणाल्या.

पुस्तक फळीवरच हवं, असं मला आजही वाटतं. येत्या सभेत तो विषय मी पुन्हा मांडणार आहे. नवऱ्याला तसं सांगितलं. “मांड की,” तो म्हणाला. “मी उठून विरोध करणार.” सव्वीस वर्षांत त्या सभेत कुणी माझ्याशी तोंडावर वाद घातला नव्हता. आता घालणार तो माझ्याच घरातून उठून. भाषण लिहायला घेतलं आहे. यावेळी सुरुवात आत्यांपासून केली आहे.