गाइडमधली आई

सडक अर्जुनीच्या कॉलेजात फर्स्ट इयरला इंग्रजी शिकवताना माझं डोकं एकाच गोष्टीनं फिरायचं. 'माझी आई' या निबंधात सगळ्यांची आई एकच! पहाटे उठवणारी, दुधाचा ग्लास हातात देणारी, बागेत गुलाब लावणारी. अरे, तुमच्या आया सकाळीच धानाच्या बांधीत उतरतात, गुलाब कुठून आले? पोरं हसायची. गाइड पाठ करून आलेली, करणार काय बिचारी.

मागच्या बाकावर जंगलाकडच्या गावातली एक मुलगी बसायची. तिनंही तेच लिहिलेलं. आई काय करते म्हणून विचारलं, तर म्हणाली, माय वारली, सातवीत असताना. आणि निबंधात मात्र आई तिला रोज उठवत होती. मला रागावताच येईना.

तेव्हापासून मी वाचनाचा आणि लेखनाचा तास एकच करून टाकला. आधी धडा वाचायचा, मग पुस्तक मिटायचं आणि त्यावरून आपल्या घरचं जे आठवेल ते लिहायचं. चुका झाल्या तर होऊ देत. एका धड्यात कुण्या परदेशी माणसाच्या वारलेल्या आईचा चष्मा ओट्यावर तसाच पडलेला होता. तो धडा वाचून त्या मुलीनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, 'मायचा विळा भिंतीत खोचलेला आहे. कापणी आली की मी तो काढते, पुसते, परत खोचते. बाबा दुसऱ्या विळ्यानं कापतात.'

स्टाफरूममध्ये ते वाचताना माझा चहा तसाच राहिला. माझी आई गेल्यापासून तिच्या लाटण्याला मीही कुणाला हात लावू देत नाही. त्या दिवशी आई फार आठवली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलगी मला शोधत आली. इंग्रजीत नापास झाली तर घरचे पुढं शिकवणार नव्हते, हे तिनंच मला सांगितलेलं.

"मॅडम, पेपरात कोणती माय लिहू जी? मार्क तर गाइडवालीलेच भेटतात."

काय सांगणार, कप्पाळ! पेपर तपासणारा कोण, कुठला. तुझं तूच ठरव, एवढंच मी म्हटलं आणि घरी जाऊन स्वतःवरच चिडत बसले.

दुसऱ्या दिवशी पेपर सुटल्यावर ती गेटजवळ उभी होती. डोळे लाल. कोणती लिहिलीस, मी विचारलं.

"आपलीच," ती म्हणाली. "मंग पेपर जमा करून मायले तिथं सोडाले मन नाही झालं जी."