बाजाराच्या दिवशीची मीटिंग

मंडळी, आज आईनं माझे चांगलेच कान टोचले.

मी गावच्या शाळा कमिटीत आहे. शाळेला आलेला निधी कशावर लावायचा, याची मीटिंग ठरवायची होती. सकाळी फोनवर मी बोलून गेलो, "बोथ गावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवा. गर्दी नसते, लवकर उरकते."

बाजूला ज्वारी निवडत बसलेली आई म्हणाली, "तो जुना सरपंच बी असंच म्हने."

झालं! नव्वदच्या आसपासचा तो दिवस आठवला. मी चौथीत होतो. शाळेच्या छपराचे कवेलू फुटले होते, पावसात आम्ही दप्तरं डोक्यावर धरून बसायचो. पंचायतीत थोडे पैसे आले, तर सरपंचाला वेशीवर कमान पाहिजे. ग्रामसभेची दवंडी दिली नेमकी बाजाराच्या दिवसाची. दरवेळचंच होतं ते. गाव बाजाराला गेलं की चार माणसांत ठराव पास.

पण त्या दिवशी बाया गेल्याच नाहीत. रिकाम्या पिशव्या घेऊन चावडीवर येऊन बसल्या.

सरपंच चमकला, "काऊन, बाजाराले नाही गेल्या?"

आई उठून म्हणाली, "हप्ताभर मीठ-भाकर खाऊ. आधी लेकरायच्या डोक्शावर कवेलू टाका."

कमान राहून गेली, कवेलू आले.

आज फोन ठेवल्यावर आईनं एवढंच विचारलं, "तू त्याच कवेलूखाली शिकला ना बापा?"

मी लगेच तारीख बदलली. तुमच्या गावची मीटिंग कोणत्या दिवशी असते?