टक् वाजल्याशिवाय

आमच्या खालच्या आळीत कारासावांचं सायकलचं दुकान कुणालाही विचारा, दाखवतील, आणि दाखवताना हसतील. कारण त्या घरात दोन धनुष्यं होती आणि एकतीस वर्षं ती एकमेकांशी भांडत होती. धनुष्यं कसली भांडतात म्हणा, त्यांचे मालक भांडत.

सेइगो कारासावाचं धनुष्य आपल्या जुन्या रीतीचं, बांबूचं, माणसाहून हातभर उंच. त्याच्या बायकोचं, कुनिएचं, पाश्चात्त्य पद्धतीचं. त्याला लाल धातूची मूठ, नेम धरायची खूण, तोल सांभाळायला पुढे आलेल्या दांड्या, असा सगळा बारदाना. कुनिए शेतकी कॉलेजात असताना त्यावर पदकं मिळवलेली बाई. नोकरी गावच्या पाणीखात्यात, घरोघर जाऊन मीटर वाचायची. छप्पन्न वर्षांची झाली तरी दर रविवारी नदीकाठच्या मैदानावर जाऊन सत्तर मीटरवरून बाण मारायची.

सेइगो तिच्या धनुष्याला 'हँडल' म्हणे. "सगळं लावलंस, ब्रेक तेवढा राहिला बघ," असं दर रविवारी. ती त्याच्या धनुष्याला कपडे वाळत घालायची काठी म्हणे, आणि एकदा रागाच्या भरात तिनं त्यावर खरोखरच त्याचे मोजे वाळत घातले होते. पण खरं भांडण होतं ते बाण सुटण्यावरून.

"अगं, बाण सोडायचा नसतो. तो निघतो," सेइगो म्हणायचा.

"हो का? मग पंक्चरही आपोआप निघेल. बसा हातावर हात ठेवून."

"तसं नाही गं. म्हणजे कसं... आता कसं सांगू?"

"सांगता येत नाही ते खरं नसतं," कुनिए म्हणायची आणि मीटरची वही घेऊन बाहेर पडायची.

तिचं सगळं सांगता येण्यासारखं होतं. तिच्या धनुष्यावर एक पातळ पट्टी होती. बाण पुरेसा मागे आला की पट्टी त्याच्या टोकावरून घसरायची आणि टक् वाजायची. टक् झालं की बोटं सुटायची. इतकं सोपं. तिची बोटं त्या टक्‌ची गुलाम झाली आहेत हे तिच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं.

मग जुलैत सेइगो छपराचं पन्हाळं साफ करताना शिडीवरून पडला आणि त्याच्या उजव्या खांद्याचा स्नायू फाटला. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, सायकली दुरुस्त करा, काय वाटेल ते करा, पण धनुष्य ओढायचं नाही. किती दिवस, असं कुनिएनं विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली. म्हणजे कायमचंच.

आता आमच्याकडची रीत अशी, की जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी देवळात नव्या वर्षाचे बाण मारायचे आणि मारणारे तिघे खालच्या आळीचे. प्रत्येकाचे दोन बाण. नेम चुकला तर देव रागावत नाही, पण ओढलेला बाण न मारता परत खाली आणला, तर ती जागा रिकामी धरतात. आणि जागा रिकामी राहिली, तर मान वरच्या आळीकडे जातो. एकदा गेला की परत येत नाही. ढोल वाजवायचा मान पूर्वी आमचा होता, तो असाच वरच्या आळीकडे गेला तो गेलाच. तिघांत पहिल्या ओगिसो सेन्सेई, म्हणजे आळीच्या धनुर्विद्येच्या गुरू, दुसरे टोफूवाले मोमोसे आणि तिसरा बावीस वर्षं सेइगो. जुन्या रीतीचं धनुष्य धरणारं चौथं माणूस आळीत नव्हतं.

सेइगो गप्प झाला. रविवारी कुनिए हँडल घेऊन निघाली तरी तो काही बोलला नाही. दोन रविवार असे गेले. कुनिएला त्या गप्पपणाची भीती वाटली. तिसऱ्या रविवारी तिनं आपलं धनुष्य पेटीत ठेवलं आणि भिंतीवरची त्याची जुनी, हलक्या ओढीची काठी उतरवली.

"देवळात तिसरी मी उभी राहते."

सेइगोनं बघितलं. "तू?"

"अठ्ठावीस मीटर तर आहे. अहो, तेवढ्या लांबून मी मीटरचे आकडे वाचते."

गर्वाचं घर खाली. ओगिसो सेन्सेई एकोणऐंशी वर्षांच्या, पंचेचाळीस वर्षं सुईणीचं काम केलेलं, अंगानं काडी. त्यांनी आपल्या सरावाच्या आखाड्यात कुनिएला अठ्ठावीस मीटरवर उभंच केलं नाही. दोन हातांच्या अंतरावर पेंढ्याचा गठ्ठा ठेवला आणि म्हणाल्या, "याला मारा."

"याला? हा तर आंधळ्यालाही लागेल."

"म्हणूनच. याच्याकडे बघायची गरज नाही. स्वतःकडे बघा."

सगळंच उलटं होतं. बाण धनुष्याच्या डावीकडे लागायचा तो उजवीकडे. मूठ मध्यावर नाही, खालच्या तिसऱ्या हिश्शाला. दोरी बोटांनी नाही, हरणाच्या कातड्याच्या हातमोज्यातल्या टणक अंगठ्यानं ओढायची आणि हनुवटीशी न थांबता कानाच्या मागे न्यायची. पहिल्याच दिवशी दोरी सुटताना कानावर अशी बसली की चष्मा उडून मोमोसेंच्या पायाशी पडला.

"हे धनुष्यच वाकडं आहे," कान चोळत कुनिए म्हणाली.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" कोपऱ्यातून सेइगो म्हणाला आणि हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसला. कुनिएचा कान सुजला होता, पण तिला इतका आनंद झाला की तिनं त्याच संध्याकाळी आणखी चाळीस बाण गठ्ठ्यात घातले.

ऑक्टोबरात तिला खऱ्या लक्ष्यासमोर उभं केलं. परातीएवढं, कागद ताणून बसवलेलं, मागे वाळूचा उतार. तिनं काय करावं? घरून येताना धनुष्यावर बोटाच्या पेराएवढी चिकटपट्टी लावून आणली, नेम धरायची खूण म्हणून. तिच्याकडच्या खेळात त्यात गैर काही नाही. आमच्याकडे ही शुद्ध चोरी. ओगिसो सेन्सेईंनी नखानं ती पट्टी सोलली आणि कुनिएच्या तळहातावर चिकटवली.

"इतकी बाळंतपणं केली," त्या म्हणाल्या, "पण बाळ अमुक मिनिटाला येईल म्हणून घड्याळावर कधी खूण करून ठेवली नाही."

कुनिएचं तोंड एवढंसं झालं. पण हे दुखणं वरवरचं होतं. खरं दुखणं त्यानंतर कळलं. बाण तिच्या हातून निघेचना. ओढायची सुरेख, दोन्ही हात लांब, पाठ ताठ, आणि मग उभी राहायची. टक्‌ची वाट बघत. टक् कुठून येणार? कोपर थरथरायला लागलं की बाण परत खाली.

"भात शिजताना सारखं झाकण काढून बघता का?" सेन्सेई विचारायच्या.

"नाही."

"मग?"

सत्तर मीटरवरून पदकं मारलेली बाई रोज वीस वेळा बाण उचलायची आणि वीस वेळा परत आणायची. मीटर वाचतानाही ती चुकायला लागली. एका म्हातारीला तर तिनं अख्ख्या शाळेचं पाणीबिल लावलं.

नोव्हेंबरात एके दुपारी ती दुकानामागच्या अंगणात गठ्ठ्यासमोर अशीच ताणून उभी होती. सेइगो खोक्यावर बसून सायकलच्या चाकाची फिरकी साफ करत होता. तिचा थरथरता हात बघून त्यालाच राहवेना. त्यानं नकळत टाळूला जीभ लावून टक् केलं.

सप्! बाण गठ्ठ्यात.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"पुन्हा करा," कुनिए म्हणाली.

टक्. सप्. टक्. सप्. त्या दिवशी एकही बाण परत आला नाही. दोघं चोरासारखी हसली आणि रात्रीच्या जेवणाला बाहेरून ईल मासा मागवला. दुसऱ्या दिवसापासून सेइगो आखाड्यात भिंतीला टेकून बसायचा, चेहरा बुद्धासारखा, आणि कुनिए ताणून उभी राहिली की जिभेनं आपलं काम करायचा. चारांतले दोन बाण कागदाला लागायला लागले. "काय हो प्रगती!" म्हणून मोमोसेंनी ताजा टोफू भेट दिला.

ओगिसो सेन्सेईंनी महिनाभर काही म्हटलं नाही. मग डिसेंबरात एकदा सगळे निघाले असताना म्हणाल्या, "सेइगोसान, दात दुखतो का?"

"नाही, सेन्सेई."

"मग तोंडात काय वाजतं?"

सेइगोचे कान लाल झाले. कुनिए जमिनीकडे बघत राहिली.

"देवळात बघणारे दोरीपलीकडे असतात," सेन्सेई म्हणाल्या. "तुमची जीभ तिथवर पोचायची नाही. कुनिएसान, तिसरी जागा तुमचीच आहे. पण त्या दिवशी टक् घरी ठेवून या."

घरी ठेवायची म्हणजे कुठे? टक्‌शिवाय करून बघितलं. हात पुन्हा तसाच अडकला. वर्ष संपलं, नव्या वर्षाचा भाताच्या वड्यांचा रस्सा खाऊन झाला, तरी अडकलेलाच. शेवटी कुनिए म्हणाली, "तुम्ही दोरीला अगदी खेटून उभे राहा. आणि जोरात करा. सेन्सेई काय म्हणायचं ते म्हणोत."

"जिभेला तेल लावून येतो," सेइगो म्हणाला. पण तिला दिसलं, तोही घाबरला होता.

त्या रविवारी बर्फ थांबून ऊन पडलं होतं. दोन्ही आळ्या जमल्या. वरच्या आळीचे लोक मुद्दाम पुढे उभे होते. ढोल थांबला. सेन्सेईंचा पहिला बाण लागला, मोमोसेंचा वाळूत गेला. मग कुनिएनं धनुष्य उचललं आणि ओढलं.

टक् आली नाही. देवदारावरून बर्फ खाली पडल्याचा आवाज आला, कुणाचं तरी खोकणं आलं, टक् नाही. बघणाऱ्यांची दोरी फार लांब होती. कोपर थरथरलं. परत आणायचा नाही, परत आणायचा नाही, एवढंच डोक्यात. शेवटी तिनं अंगठा अक्षरशः झटकून उघडला. बाण वाळूच्या अलीकडे पडला आणि बर्फावरून घसरत गेला, बदक तळ्यात उतरतं तसा. वरच्या आळीतून दोघंतिघं हसली. बाण मोजला गेला, पण कुनिएला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खांद्यात जीव उरला नव्हता आणि असा ढकललेला बाण दुसऱ्यांदा मारायची तिला लाज वाटत होती.

दुसऱ्या फेरीत सेन्सेई आणि मोमोसे दोघांचेही लागले. यो-शि! सगळे ओरडले, बाण लागला की असं ओरडायची रीत. मग पुन्हा शांत.

कुनिएनं ओढलं. या वेळी ती कशाची वाट बघत नव्हती, कारण वाट बघायला काही उरलंच नव्हतं. हातमोज्याच्या कातड्याचा वास आला. तो सेइगोचा जुना वास होता, वंगणाचा आणि घामाचा. दोन्ही हात आपापल्या दिशेनं लांब होत होते. पाठ रुंद होत होती. तिच्या मनात आलं, बाई गं, अजून जागा आहे की.

टक्.

आणि बाण तिच्यापाशी नव्हता. पलीकडे कागद ढोलासारखा वाजला.

"यो-शि!" आळी ओरडली. आमच्याकडे बाण लागल्यावर हसायचं नसतं. कुनिए पाय घासत, नजर खाली ठेवून मागे आली, पण धनुष्य ठेवल्याबरोबर ती दोरीकडे जवळजवळ पळाली. सेइगो तिथे नव्हता. शोधलं तर देवळाच्या मागे, शेकोटीपाशी, हातात गरम गोड आमाझाकेचा पेला घेऊन बसलेला, एकटाच.

"अहो, ऐकू आली! अगदी स्पष्ट ऐकू आली तुमची टक्!"

"माझी?" सेइगोनं वर बघितलं. त्याचे डोळे लाल होते. "मी कुठे होतो तिथे? तुझा पहिला बाण बघून मी इकडे आलो. मला बघवेना."

"मग टक् कुणी केली?"

"मला काय विचारतेस? यो-शि तेवढं ऐकलं. म्हटलं, मोमोसेंचा लागला असेल."

"मोमोसेंचा त्याच्या आधी. हा माझा."

सेइगो तिच्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे माझी नोकरी गेली."

"गेली," कुनिए म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली. त्यानं आपला पेला तिच्या हातात दिला.

"कसं वाटलं?" त्यानं विचारलं. डोळे शेकोटीकडे होते. "निघताना कसं वाटलं, ते सांग ना."

कुनिएनं विचार केला. सगळं नीट सांगता येणारी बाई ती. हात कुठे होता, पाठ कशी होती, सगळं आठवत होतं, पण त्यातलं काहीच ते नव्हतं.

"मी सोडला नाही हो," ती म्हणाली. "निघाला."

सेइगोनं शेकोटीत एक काटकी टाकली.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

तिनं पुन्हा सांगितलं.