न दिलेलं इंजेक्शन

नव्या इंजेक्शननं माझ्या बायकोचा घात केला, असं मी आमच्या गावी, निमोण्यात, दहाव्याला जमलेल्या लोकांना सांगितलं. ते खोटं होतं. ते इंजेक्शन तिला दिलंच नव्हतं.

तिचा स्तनाचा कॅन्सर यकृतात पसरला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी समजावलं, की औषध जुनंच आहे, पण आता ते अतिसूक्ष्म कणांत, प्रथिनात गुंडाळून देतात. जुन्या पद्धतीत ते ज्या द्रावणात विरघळवतात, त्याची काहींना रिअ‍ॅक्शन येते. ती भीती यात कमी. आजार जाईलच असं नाही, पण थोपवता येईल. याला नॅनो म्हणतात, असं ते म्हणाले आणि माझं मन तिथंच उडालं. त्याच हंगामात दुकानदारानं युरियाच्या गोणीबरोबर नॅनो युरियाची बाटली माझ्या गळ्यात मारली होती. फवारूनही कांद्याची पात पिवळीच राहिली होती.

"डॉक्टर, हे नॅनो आम्ही कांद्यावर मारून बघितलंय," मी म्हणालो. "नेहमीचंच द्या."

बायको शेजारीच बसली होती. तिला मी विचारलं नाही. नेहमीच्या औषधाची सलाईन लावताच तिचा चेहरा सुजला, श्वास कोंडला. त्यातून ती वाचली, पण पुन्हा दवाखान्यात आली नाही. काही महिन्यांत गेली.

यंदा दौंडच्या माझ्या धाकट्या बहिणीला तोच आजार निघाला. तिला ते नवं इंजेक्शन सांगितलं, तर ती अडून बसली. भाच्याचा फोन आला, "मामा, तुम्हीच समजवा. आई म्हणती, मामीला त्यानंच नेलं."

मी शिरूरहून एसटीनं गेलो. ती लसूण सोलत होती. मी सगळं सांगितलं.

"म्हंजी वहिनीला ते दिलंच न्हाई?"

"न्हाई."

"तिचं काय म्हणणं व्हतं?"

"मी विचारलंच न्हाई."

तिनं लसूण बाजूला सारला. "कांद्यावर मारून बघितलं व्हय," ती म्हणाली. "आन् मी दवाखान्यात माझ्यासारख्याच दोघींना सांगून बसले, ते घेऊ नका म्हणून. आता माझ्यासंगं चल. तुझ्या तोंडानं सांग त्यांना."

पुढच्या तारखेला बहिणीला ते इंजेक्शन सुरू झालं. त्या दोघीही तिथंच होत्या. मी सांगितलं. एकीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आबा, तवा दिलं असतं, तर गुण आला असता का?"

"ते आता कळायचं न्हाई," मी म्हणालो.