शेजारचा शब्द

“अडलेला शब्द तिथेच सोड, शेजारचा घे,” असं शिंप्याने एकदा आपल्या लेकीला सांगितलं. सांगताना तो मशीन चालवत होता, म्हणून वाक्य सरळ निघालं, कुठे गाठ नाही की सुरकुती नाही. त्याच्या तोंडून आजवर जेवढी सरळ वाक्यं निघाली, तेवढी सगळी पायडलवरच.

पाय हलत असला की जीभ हलायची. पाय थांबला की ओठ ‘ब’पाशी येऊन मिटायचे आणि श्वास मागे कोंडून राहायचा. दुकानात त्याच्यासमोर बसून काजं करणारे म्हातारे काका म्हणायचे, “शिंपीदादा, देवाने सगळ्यांची जीभ तोंडात बसवली, तुमची तेवढी चुकून तळपायाला शिवली.” शिंपी हसायचा. हसायला शब्द लागत नाहीत.

‘ब’ वगळून त्याने एक आख्खी भाषा बेतून घेतली होती. बटणाला गुंडी, बाहीला हात, बायकोला आमची मंडळी. बुधवारला काही केल्या दुसरं नाव सापडेना, तेव्हा त्याने बुधवारच आठवड्यातून काढून टाकला. कपडे बुधवारी तयार होत, इस्त्री होऊन टांगले जात, आणि गिऱ्हाइकाला तो आधीच सांगून बसलेला असे, “गुरुवारी या.” हा शिंपी कामाला चोख, पण एक दिवस उशिराचा, असं त्याचं नाव झालं. त्याने ते मुकाट्याने अंगावर घेतलं.

हे कुठून आलं, ते आपल्याला ठाऊक आहे असं त्याला वाटे. लहानपणी घरात शिस्त होती. ताट हातात घेऊन उभं राहायचं आणि विचारायचं, “बाबा, बसू का?” तो अडखळला की वडील म्हणत, “पुन्हा. नीट.” वडील मारकुटे नव्हते. आवाजसुद्धा चढवत नसत. नुसते हातातला घास हातात धरून वाट पाहत, आणि त्यांच्याबरोबर सगळं घर वाट पाहत बसे. ताटातलं गार होई. एका संध्याकाळी त्याने ताट खाली ठेवलं आणि तो बाहेर निघून गेला. त्यानंतर वडिलांना त्याने कधी काही विचारलं नाही. ते गेले तेव्हाही नाही.

लेक बोलायला लागली तेव्हा तिची बडबड ऐकत तो मशीन बंद करून बसून राहायचा. मग शाळा सुरू होण्याच्या सुमारास तीही अडू लागली. सगळीकडे नाही, नेमकी ‘ब’वर. एकदा ती बाहुली मागत होती आणि तिचे ओठ मिटलेले उघडेचनात. “नीट” हा शब्द त्याच्या जिभेवर आला, तो त्याने गिळला, घाईघाईने पाय हलवला आणि ते वाक्य सांगितलं. अडलेला सोड, शेजारचा घे. लेकीने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “ठकी दे.” दोघं खूप हसली. आपण लेकीला वाचवलं, असं त्याला त्या दिवशी वाटलं.

पोर हुशार होती. आठवड्याच्या आत तिने ‘बाबा’ सोडला आणि शेजारचा घेतला. “शिंपी, आई जेवायला हाक मारतेय.” दुकानात हशा पिकला. काका म्हणाले, “घ्या, आता घरचंही गिऱ्हाईकच झालं. हिलाही गुरुवार सांगा.” सगळ्यांना ते पोरीचं लाडाचं बोलणं वाटलं. शिंप्याची कात्री मात्र कापडात अर्ध्यावरच थांबली.

पोर ‘ब’ टाळतेय हे बायकोलाही उशिरा का होईना कळलं. तिने पोरीला बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे नेलं, आणि बाईंनी शिंप्याला बोलावून घेतलं. त्याने ताटाची गोष्ट सांगितली तेव्हा बाईंच्या टेबलाखाली त्याचा पाय हलत होता. त्यांनी तो पाहिला, पण तसं म्हटलं नाही.

“तुमच्यामुळे झालं, असं मनातून काढून टाका,” त्या म्हणाल्या. “थोडं जन्मतःच येतं. वडिलांनी तुम्हाला उभं केलं म्हणून तुमचं बोलणं मोडलं, असंही नाही. पण अडखळण्याची भीती त्यांनी घातली. आणि भीती बसली की माणूस शब्दाच्या आधीच थांबतो.”

“मग उपाय, मॅडम?”

“तिच्यासमोर अडखळा. मुद्दाम. ‘बाबा’ हाच शब्द घ्या, हवा तेवढा तुटू द्या, आणि चेहरा शांत ठेवा. अडखळलं तरी काही कोसळत नाही, हे तिला तुमच्याकडूनच कळेल. तुम्ही तिला कधी दाखवलंयत?”

त्याने नकारार्थी मान हलवली. लेकीसमोर तो एकदाही अडखळला नव्हता. आयुष्यात त्याने एवढी एकच गोष्ट जपली होती.

घरी बायको म्हणाली, “आज मशीन बंद ठेवून तिच्याशी बोला.”

“हो, ही एवढी शिलाई मारतो.”

“अहो, लग्न माझ्याशी केलंत की मशीनशी? मला तरी कधी पाय न हलवता हाक मारलीत?” मग ती हळूच म्हणाली, “मी नाही मागत काही. तिच्यासाठी म्हणतेय.”

शिलाई संपली, लेक झोपून गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. न्हाणीघरात तो आरशासमोर ‘बाबा’ म्हणून पाहायचा, तेव्हा शब्द लोण्यासारखा निघायचा. आरसा घास धरून थांबत नाही.

पुढच्या खेपेला तो लेकीला घेऊन गेला. बाईंनी ठरवून ठेवलं होतं, त्या लेकीला विचारणार, ती शेजारचा शब्द घेणार, आणि मग त्याने बोलायचं. बस्स, एक शब्द. खिडकीच्या पडद्याची दुमड तिरकी शिवलेली होती. शिंपी त्या दुमडीकडे पाहत बसला.

“तुझ्याबरोबर कोण आलंय आज?” बाईंनी विचारलं.

लेकीचे ओठ मिटले. खुर्चीखाली तिचा पाय वरखाली होऊ लागला. तो पाय शिंप्याने आज पहिल्यांदा पाहिला.

“शिंपी,” ती म्हणाली.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. लेकीनेही पाहिलं, थेट त्याच्या ओठांकडे. त्याने श्वास घेतला, ओठ ‘ब’वर टेकवले, आणि ते तिथेच राहिले. बाई वाट पाहत होत्या. लेक वाट पाहत होती. त्याच्या हातात ताट आलं आणि त्यातलं गार होऊ लागलं. लेकीच्या भुवया हळूहळू जवळ आल्या. हे तिच्या ओळखीचं होतं.

“घाई नाही,” बाई म्हणाल्या. “तुटला तर तुटू दे.”

त्याने ओठ सोडवले.

“हो,” तो म्हणाला, अगदी स्वच्छ. “मी शिंपी.”

लेकीने सुटकेचा श्वास टाकला. तिचा पाय थांबला. असंच करायचं असतं, हे तिला आता पक्कं कळलं होतं.

शिंप्याने गळ्यातली टेप चाचपली, उठून खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि लेकीच्या केसांवरून हात फिरवला. मग दार उघडून तो बाहेर निघून गेला.